कोळीवाड्याच्या विहिरीचं रीडिंग

याकूबभाई,

तुम्ही गेल्याला आज बारा दिवस झाले. परवा मी पहिल्यांदाच तुमच्याशिवाय फ्लेम फोटोमीटर लावला. लावला म्हणजे लावायचा प्रयत्न केला. कॉम्प्रेसर चालू केला, गॅस सोडला, ज्योत पेटवली, आणि जी निळी यायला हवी ती पिवळी आली. दुसऱ्या वर्षाची मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नळी काढून साफ केली, डिस्टिल्ड पाणी बदललं, एकदोघांवर उगाच ओरडले. शेवटी मागे उभी असलेली एक मुलगी हळूच म्हणाली की मॅडम, चाचा आधी समुद्राकडच्या खिडक्या लावून घ्यायचे. खिडकी सताड उघडी होती. उकडतं म्हणून मीच उघडली होती.

त्या खिडक्यांवरून मी पाच वर्षं तुमच्याशी भांडले. समुद्रावरचा वारा मीठ घेऊन येतो, मिठात सोडियम असतं, सोडियमने ज्योत पिवळी होते आणि आपलं यंत्र तोच पिवळेपणा मोजतं. हे मी स्वतः फळ्यावर शिकवायचे आणि प्रॅक्टिकलला उकडलं की खिडकी उघडायचे. तुम्ही न बोलता उठून ती बंद करायचात. वर ज्योत हलते म्हणून पंखाही बंद. मे महिन्यात आपल्या प्रयोगशाळेत माणूस उकडून निघायचा. मी एकदा चिडून म्हणाले होते की कुठल्याही पुस्तकात खिडक्या लावा असं लिहिलेलं नाही. तुम्ही म्हणालात, पुस्तक लिवनाऱ्याचं घर दर्याकाठी नसंल मॅडम. मुलं हसली आणि मला राग आला. मला राग लवकर येतो, हे तुमच्याइतकं कोणी सहन केलेलं नाही.

प्राचार्यांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर लेख मागितला आहे. दोन पानं लिहा, गोड आठवणी लिहा, म्हणाले. तुमच्या जन्मतारखेपासून सुरुवात करावी म्हणून तुमची सेवापुस्तिका मागवून घेतली. ती उघडली, त्यातला एक कागद पाहिला आणि मिटली. त्या कागदाचं पुढे सांगते. आधी गोड आठवणी.

मी पुण्याहून इथे आले तेव्हा नाकाने कांदे सोलत होते. डॉक्टरेट झालेली, पर्यावरण रसायन शिकवायला आलेली, आणि या खाडीकाठच्या कॉलेजात यंत्रं आहेत का म्हणून विचारणारी. तुम्ही मला कपाटाशी नेलंत. फ्लेम फोटोमीटर, पाण्याची क्षारता मोजायचा कंडक्टिव्हिटी मीटर, रंगावरून लोह मोजायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर, सगळं होतं. सगळ्यावर प्लॅस्टिकची आवरणं आणि प्रत्येकावर दसऱ्याच्या पूजेचं वाळलेलं कुंकू. तपासणीची समिती आली की यंत्रं टेबलावर यायची, समिती गेली की परत कपाटात. मुलांनी ती फक्त काचेतून पाहिलेली. मला धक्का बसला आणि तुम्हाला मी एकदम आवडले असणार, कारण तुम्ही त्याच दिवशी चाव्यांचा जुडगा माझ्या हातात दिलात.

तुम्ही कागदोपत्री प्रयोगशाळा सहायक, शिक्षण बारावी. पण आखातात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढलेली. अम्मीची तब्येत बिघडली म्हणून परत आलात आणि म्हसळ्याहून रोज स्कूटरवर येऊ लागलात. जे यंत्र मी नळी कुठे आणि बटण कुठे एवढ्यापुरतंच ओळखत होते, ते तुम्ही टेबलावर कागद पसरून सगळं सुटं करायचात. नळीचं केसाएवढं भोक बारीक तारेने साफ करायचात. मुलांना म्हणायचात, हात लावा, बिघडलं तर बिघडलं. मी म्हणायचे, सुटा भाग मागवायचा तर महिने जातात, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती देऊ नका. तो वाद आपण कधीच मिटवला नाही. तुमचं म्हणणं असं की जे यंत्र पोरांनी एकदा बिघडवलं नाही ते कॉलेजचंच राहतं, पोरांचं होत नाही. मला ते तेव्हा पटलं नव्हतं. आता पटलंय असं म्हणणं सोपं आहे, म्हणून म्हणत नाही. अजूनही पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती ते द्यायला माझा जीव घाबरतो.

पण शिकवायची तुमची पद्धत मी चोरली, हे कबूल करते. पहिल्या दिवशी तुम्ही मुलांना नमुना द्यायचाच नाहीत. नुसतं डिस्टिल्ड पाणी द्यायचात आणि त्याचं रीडिंग शून्य आणून दाखवा म्हणायचात. कोणालाच शून्य यायचं नाही. कोणी सकाळी सुकी मच्छी आवरून आलेला, कोणाचा घाम, कोणी टेबलावर डबा खाल्लेला. बोट पाण्याला लागलं की काटा हलायचा. दोन तास शून्याच्या मागे लागून मुलं रडकुंडीला यायची. मग तुम्ही सगळ्यांना साबणाने हात धुवायला पाठवायचात आणि बाटली, चंचुपात्र, नळी, सगळं तीन-तीनदा विसळायला लावायचात. त्या एका दिवसात मुलांना जे कळायचं ते माझ्या चार तासांच्या व्याख्यानात नव्हतं. आपला हातही पाण्यात उतरतो, एवढंच ते होतं.

आता त्या कागदाचं. तो ठपक्याचा मेमो आहे, दोन वर्षांपूर्वीचा.

त्या वर्षी मी पहिल्या वर्षाच्या मुलांना घरच्या विहिरीचं पाणी आणायला सांगितलं होतं. तुम्ही बाटल्या धुऊन, सुकवून, प्रत्येकीवर नाव चिकटवून दिल्यात. दर्शना कोळीवाड्यातली, वर्गातली सगळ्यात नेटकी मुलगी. तिने कोळीवाड्याच्या विहिरीचं पाणी आणलं. सोडियम भलतंच वाढलेलं निघालं, बाकीच्या विहिरींच्या कितीतरी पट. मी तीनदा रीडिंग घेतलं, तीनही जुळली. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आनंद झाला. समुद्राचं पाणी जमिनीखालून विहिरीत शिरतंय, हा माझा आवडता विषय. मला पुढच्या महिन्यात एका परिषदेत निबंध वाचायचा होता आणि बढतीची मुलाखतही त्याच सुमारास होती. माझ्या तोंडून जे बाहेर पडायची वाट बघत होतं, तेच या बाटलीने सांगितलं.

तुम्ही म्हणालात, पुन्हा पाणी आणू या. मी म्हणाले, तीनदा तेच आलंय.

तुम्ही म्हणालात, "तीनदा आलं, पन एकाच बाटलीतनं आलं मॅडम."

मग मी ते वाक्य बोलले. वर्गासमोर बोलले. "याकूबभाई, केमिस्ट्री इथे मी शिकवते." तुम्ही मान हलवलीत आणि काचेची भांडी उचलून मोरीकडे गेलात. त्याबद्दल मी नंतर दोनदा माफी मागायला आले होते. एकदा तुम्ही नमाजाला गेला होतात आणि एकदा मीच विषय बदलला.

मी कॉलेजच्या कागदावर अहवाल लिहिला, सही केली, ग्रामपंचायतीला दिला. पंचायतीने विहिरीच्या कठड्यावर लाल फुली मारली. एप्रिल चालू होता. कोळीवाड्यातल्या बाया वरच्या वाडीच्या विहिरीवरून, चढ चढून, हंडे आणू लागल्या. दोघीजणी मला भेटायला आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "बाय, आमी जलमापासून तेच पानी पितो. ग्वाडच हाय." मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावून सांगितलं की जिभेला सवय होते, जीभ म्हणजे काही यंत्र नाही. काय तो माझा तोरा. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

तीन आठवडे गेले. एका रविवारी तुम्ही दर्शनाला घेऊन विहिरीवर गेलात. मला सांगितलं नाहीत, सांगितलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं. तिथे तुम्ही तिला म्हणालात, त्या दिवशी पाणी कसं काढलंस ते करून दाखव. तिने घरून बालदी आणली, दोरी बांधली, पाणी काढलं आणि त्या पाण्याने बाटली तीनदा विसळली. अगदी शिकवल्याप्रमाणे. बालदी मात्र तिच्या आईची मासे खारवायची होती. आतून पांढरी झालेली, कडांना मीठ धरलेलं. खारवून झालं की ती एकदा धुवून ठेवतात, कोळीवाड्यात कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. तीनदा विसळायचं ते बाटली, हे मी शिकवलं होतं. बालदीचं कोणी बोललं नव्हतं. आम्ही पुण्याच्या, आमच्याकडे बालदीत मीठ नसतं.

तुम्ही थेट विहिरीत बाटली सोडून पाणी काढलंत. आधी ओंजळीने प्यायलात, असं दर्शनाने मला पुढे सांगितलं. सोमवारी मी यायच्या आत खिडक्या लावून रीडिंग घेतलंत. पाणी इतर विहिरींसारखंच होतं. एका चिठ्ठीवर आकडे लिहून, खाली 'कोळीवाडा, थेट विहिरीतून' एवढंच लिहून, चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवलीत. तुम्ही एखादा शब्द वर लिहिला असतात तर मी भांडले असते. नुसत्या आकड्यांशी कसं भांडणार?

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला एकदा ते सबंध लिहू द्या. विहिरीचं पाणी चांगलंच होतं, ही बातमी फुटलीच. सरपंच आणि कोळीवाड्यातली चार माणसं प्राचार्यांच्या खोलीत आली, चिडलेली. तीन आठवडे आमच्या बाया डोंगर चढल्या, कोणाच्या चुकीने, असं विचारू लागली. तुम्हाला आणि मला बोलावलं. मी बोलायला तोंड उघडणार होते. उघडणार होते का, हे आता मलाच नक्की सांगता येत नाही. तुम्ही आधी बोललात. "बाटली मी धुतली नव्हती, सर. माझी चूक झाली." माझ्याशी बोलताना कधी न वापरलेल्या, शाळेतल्या मराठीत बोललात. माणसं जराशी शांत झाली. शिपाईवर्गातल्या माणसाची चूक सगळ्यांना लगेच पटते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं, आणि चोर शेजारच्या खुर्चीवर मिठाची गुळणी धरून बसला होता.

बाहेर आल्यावर मी विचारलं, हे काय केलंत. तुम्ही म्हणालात, "पोरीला अजून दोन-तीन वर्सं त्याच विहिरीवर पानी भरायचं हाय, मॅडम. तिचं नाव कोनी घ्यायला नको." आणि तुम्ही भांडी धुवायला निघून गेलात.

त्या वाक्याच्या आडोशाला मी दोन वर्षं राहिले. मी बोलले तर दर्शनाचं नाव बाहेर येईल, असं स्वतःला सांगत राहिले. ते खोटं होतं. तिचं नाव न घेताही मला एक वाक्य बोलता आलं असतं. याकूबभाई पुन्हा तपासा म्हणाले होते, मी ऐकलं नाही, अहवालावर सही माझी आहे. एवढंच. मुलाखत आली, बढती झाली, मी पेढे वाटले. तुम्हीही घेतलात. तुमच्या सेवापुस्तिकेत मेमो लागला.

आणि मुलं, याकूबभाई. मुलांना थट्टेला निमित्तच पाहिजे असतं. 'चाचा, बाटली धुतली ना?' हे त्यांचं ठरूनच गेलं. प्रत्येक प्रॅक्टिकलला कोणीतरी म्हणायचं, तुम्ही हसायचात आणि बाटली उजेडात धरून दाखवायचात. त्या हसण्यात एकदा-दोनदा मीही सामील झाले. दर्शना कधी हसली नाही. ती मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहायची, आणि मी तिच्याकडे बघायचं टाळायचे.

मला तुमचा रागही येतो. तुम्ही मला कधी टोचून का बोलला नाहीत? एका चुकीच्या आकड्यावरून मुलांना पुन्हा पहिल्यापासून प्रयोग करायला लावणारे तुम्ही, दशांश चिन्हापुढचा आकडा कोणी अंदाजाने लिहिला तर वही परत देणारे तुम्ही. सगळ्या कॉलेजात आकड्याशी खोटं न बोलणारा एकच माणूस होता, आणि नेमका त्याच्याच नावावर खोटं नोंदवलं गेलं. ते तुम्हाला जड गेलं असणार. गेलं का? मी कधी विचारलं नाही. रोज बारा वाजता आपण एका टेबलावर चहा प्यायचो. तुम्ही सुपारीच्या पिकाबद्दल बोलायचात, दिघीच्या तरीवर स्कूटर चढवायला किती वेळ थांबावं लागलं ते सांगायचात, मी परीक्षेच्या पेपरांबद्दल कुरकुरायचे. मधे ती गोष्ट बसलेली असायची आणि आपण दोघं तिला वळसा घालून बोलायचो.

काल मी तुमच्या घरी गेले. मयतीच्या दिवशी बायकांमध्ये बसून आले होते, तेव्हा भाभींशी बोलणं झालं नव्हतं. काल त्या आतल्या खोलीत होत्या, इद्दतीत, नवरा गेल्यावर घराबाहेर न पडायच्या दिवसांत. शेजारणीने मला आत नेलं आणि ती जेवणाचं बघायला गेली. मी तुमच्याबद्दल चांगलं चांगलं बोलत राहिले. तुम्ही यंत्र कसं सुटं करायचात, मुलं तुम्हाला कशी घाबरायची आणि तुमच्यामागे कशी फिरायची. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू?"

मी हो म्हणाले.

"त्यांनी ती बाटली खरंच धुतली न्हवती?"

त्याच पुढे बोलल्या. तुम्ही घरात चहाचा कप पण तीनदा खंगाळायचात, त्यावरून अम्मी हयात असताना रोज बोलणी खायचात. मग तेव्हाच कसे विसरलात, हे त्यांना कधी उमजलं नाही. त्यांनी तुम्हाला विचारलं तर तुम्ही 'झाली चूक' एवढंच म्हणायचात. गावातही लोक बोलत होते, एवढा आखातात राहून आलेला माणूस आणि बाटली धुवायची अक्कल नाही. "मग मी पन बोलले त्यांना," भाभी म्हणाल्या. "दोन-चार येळा लय बोलले. तुमच्या एका बाटलीपायी कोळनींना डोंगर चढावा लागला, असं बोलले."

तुम्ही घरातही सांगितलं नव्हतंत. माझी समजूत होती की निदान घरी तरी सांगितलं असेल, निदान एका माणसासमोर तरी तुम्ही निर्दोष असाल. त्या समजुतीवर मी दोन वर्षं निवांत झोपले होते.

मी भाभींना सगळं सांगितलं. बालदीपासून सहीपर्यंत. सांगताना माझा आवाज नीट होता, वर्गात असतो तसा. त्या रडल्या नाहीत. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग मला विचारलं, "मग तुमी का बोलल्या न्हाईत?"

मी म्हणाले, मला भीती वाटली आणि नंतर लाज वाटली. याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी मला माफ केलं नाही आणि तसं काही बोलल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, हे कॉलेजात सांगाल का? मी म्हणाले, लिहून देते. त्या म्हणाल्या, "लिवा. मला वाचता येतं."

आज सकाळी दर्शनाला बोलावून विचारलं. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. मी म्हणाले, तुझं नाव येणार नाही. ती म्हणाली, बालदी माझ्या घरची होती, नाव घाला. तिच्या आईलाही तिने चाचा गेले त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं होतं. माझ्यापेक्षा तीच मोठी निघाली. प्राचार्यांना मी पत्र दिलं, मेमो रद्द करा म्हणून. ते म्हणाले, माणूस गेला, आता कशाला उकरता? मी पत्र त्यांच्या टेबलावरून उचललं नाही. दोन पानांचा लेख मागितला होता, तो हाच, लांबला आहे, आणि त्यातलं काही कापलं तर मी अंकासाठी दुसरं काही देणार नाही, हेही सांगून आले.

भाभी, तुम्ही हे वाचत असाल. याकूबभाईंनी बाटली धुतली होती. तीनदा विसळून धुतली होती. त्यांनी मला पुन्हा तपासायला सांगितलं, मी ऐकलं नाही, अहवालावर सही माझी होती आणि चूकही माझीच. तुम्ही त्यांना जे बोललात ते माझ्यामुळे बोललात, ते माझ्या नावावर टाका.

याकूबभाई, हे एवढं भाभींसाठी लिहिलं. तुम्हाला तर सगळं पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी तुम्ही रोज बारा वाजता माझा चहा गाळून ठेवायचात.